‘औषध सोडले’ असे लिहिण्यापूर्वी

(वैद्यकीय विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळवलेल्या आपल्या वस्त्यांतील मुलामुलींचा मंडळाने आज सत्कार केला. पुढच्या रांगेत त्यांचे आईवडील बसले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिल्यावर खरे तर भाषणाची गरज उरत नाही. परंतु मला विषय दिला आहे ‘वैद्यकीय विद्यार्थी, जगाचे आरोग्य आणि मानवी हक्क’. काहींना वाटेल, अजून पदवी हातात नाही, परीक्षांचा डोंगर समोर आहे, मग विद्यार्थ्याने जगाची चिंता कशाला वाहावी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

1992 साली मी इंटर्न होतो. क्षयरोगाच्या ओपीडीत चाळिशीचा एक बिगारी कामगार येत असे. दोन महिने औषध घेऊन तो नाहीसा झाला आणि चार महिन्यांनी परत आला तेव्हा त्याच्या थुंकीतून रक्त पडत होते. मी केसपेपरवर ‘डिफॉल्टर’ असा शेरा मारला आणि त्याला खडसावले. गोळ्या फुकट मिळतात, तरी घ्यायला काय होते? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, गोळी फुकट आहे, पण इथं यायचा दिवस फुकट नाही. खाडा पडला की मुकादम दुसरा माणूस घेतो. आणि ह्या गोळीनं भूक लागते. ती कुणाच्या वाट्याच्या भाकरीनं भागवू?”

मी ते ऐकले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. तो माणूस पुन्हा आला नाही.

मित्रहो, माझे वडील हमाली करत. खाडा म्हणजे काय, हे मला कोणत्याही पुस्तकातून शिकायचे नव्हते. तरीही अंगावर पांढरा कोट चढताच मी ते विसरलो. ही बोच आजही माझ्या मनात आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामाविषयी वाचले आणि ती ओपीडी डोळ्यांसमोर उभी राहिली. त्याचे नाव पॉल फार्मर. जन्म 1959 चा, अमेरिकेतला. 1983 मध्ये तो हैती या गरीब देशात गेला. तेथील कांज नावाच्या वस्तीत राहणारी माणसे मूळची शेतकरी. 1950 च्या दशकात पेलिग्रे धरण झाले, त्यांची सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि ती उघड्या डोंगरउतारावर येऊन राहिली. धरणग्रस्त म्हणजे काय हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

1984 मध्ये फार्मर हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. पण त्याचा बराच वेळ कांजमध्ये जाई, परीक्षेपुरता तो बोस्टनला परत येई. स्थानिक माणसांच्या साथीने तेथे दवाखाना उभा राहिला. 1987 मध्ये ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांत जिम योंग किम हा हार्वर्डचाच आणखी एक वैद्यकीय विद्यार्थी होता. दोघांनाही अद्याप पदवी मिळालेली नव्हती.

1988 च्या अखेरीस कांजच्या दवाखान्यातील तीन क्षयरुग्ण दगावले. औषध उपलब्ध असताना दगावले. दवाखान्याच्या लोकांची बैठक झाली. काहींचे म्हणणे पडले की लोक अडाणी आहेत, करणी-चेटूक मानतात, बरे वाटले की गोळ्या टाकून देतात. गावातच राहणाऱ्या आरोग्यसेवकांचे म्हणणे वेगळे होते. माणसे उपाशी आहेत, त्यांना दवाखान्यापर्यंत येणे परवडत नाही.

आता या ठिकाणी आपण काय केले असते? वाद घातला असता आणि घरी गेलो असतो. त्यांनी वादाची परीक्षा घेतली. क्षयरुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना औषध मोफत. एका गटाला मात्र त्याबरोबर पोषक आहार, दरमहा थोडी रोख रक्कम, येण्याजाण्याचा खर्च आणि घरी येऊन विचारपूस करणारा गावातलाच आरोग्यसेवक, एवढे जास्त दिले. निकाल असा लागला की ज्यांना नुसते औषध मिळाले त्यांतले निम्म्याहून कमी बरे झाले. ज्यांना आहार, भाडे आणि सोबत मिळाली, ते सर्व बरे झाले. रुग्ण चेटूक मानत होता की नाही, याने काहीही फरक पडला नाही.

म्हणजे दोष रुग्णाच्या डोक्यात नव्हता, त्याच्या रिकाम्या पोटात आणि रिकाम्या खिशात होता. केसपेपरवरचा माझा तो शेरा किती खोटा होता, हे मला त्या दिवशी कळले.

हे हैतीपुरते खरे आहे असे कोणी समजू नये. आपल्याच झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा शिधा देऊन पाहिला. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत क्षयरोगाचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी निघाले. तांदूळ आणि डाळ यांनी रोग रोखला! सरकारनेही 2018 पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला दरमहा 500 रुपये सुरू केले आणि नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 केले. माझ्या त्या रुग्णाने जे 1992 मध्ये दोन वाक्यांत सांगितले होते, ते शास्त्राला आणि सरकारला मान्य व्हायला एवढी वर्षे लागली.

आता मानवी हक्कांचा संबंध कोठे येतो ते पाहू. 10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या 25 व्या कलमात आरोग्यासाठी पुरेसे राहणीमान हा प्रत्येकाचा हक्क म्हटला आहे आणि त्यात अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय उपचार यांची नावे एका ओळीत घेतली आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निकाल दिला की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. दया आणि हक्क यांतला फरक आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. दया देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. हक्क मागता येतो.

हा हक्क विद्यार्थ्यांनी कसा मागितला, त्याचे एक उदाहरण देतो. सन 2001. दक्षिण आफ्रिकेत एड्सने माणसे मरत होती. औषधे होती, पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी महिन्यात आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. अडचण पेटंटची होती. त्यांतल्या स्टॅव्हुडीन या औषधाचे पेटंट अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे होते आणि विद्यापीठाने ते एका बड्या कंपनीला वापरायला दिले होते. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एमी कॅप्चिन्स्की हिने पुढाकार घेतला. विद्यार्थी आणि संशोधक यांनी विद्यापीठाकडे निवेदन दिले. हे औषध शोधणारे वयोवृद्ध शास्त्रज्ञ विल्यम प्रुसॉफ उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. मार्चच्या मध्यापर्यंत कंपनीने जाहीर केले की दक्षिण आफ्रिकेत आम्ही या पेटंटचा अडथळा आणणार नाही. त्या औषधाची जागा पुढे अधिक निर्धोक औषधांनी घेतली. पण त्यावेळी उघडलेले दार बंद झाले नाही. त्या चळवळीतून विद्यार्थ्यांची जी संघटना निघाली, तीत वैद्यकीय विद्यार्थी आजही काम करत आहेत.

एक इशाराही दिला पाहिजे. सेवेच्या नावाखाली न शिकलेली कामे गरिबांच्या अंगावर शिकू नका. शिबिरात फोटो काढून परत येणे म्हणजे मानवी हक्काचे काम नव्हे. आणि हे काम एकदा केले की संपत नाही. फार्मरच्या संस्थेने हैतीत मिरबाले येथे मोठे रुग्णालय उभारले, ते 2013 मध्ये सुरू झाले. फार्मर 2022 मध्ये रवांडात, जेथे तो शिकवत होता तेथेच वारला. 2025 मध्ये सशस्त्र टोळ्यांनी मिरबाले शहरावर हल्ला केला आणि ते रुग्णालय बंद करावे लागले. वर्षानुवर्षांचे काम असे थोड्या दिवसांत थांबू शकते. म्हणूनच डॉक्टरला फक्त रोग कळून भागत नाही, समाज आणि सत्ता यांचीही जाण ठेवावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही हैतीला जा असे मी सांगत नाही. तुमच्या वॉर्डातच सुरुवात करता येईल. रुग्णाला विचारा, येथे यायला भाडे किती लागले? आजची मजुरी बुडाली का? घरी काल काय शिजले? हे केसपेपरवर लिहा. त्याच्या नावाचे योजनेचे पैसे त्याच्या खात्यात खरोखर जमा होतात का, ते पाहा. होत नसतील तर आठ-दहा जणांनी मिळून अधिष्ठात्यांना लेखी निवेदन द्या. जे औषध बाहेरून आणायला सांगितले जाते त्याची किंमत विचारा आणि ते आत का नाही हेही विचारा. याला पदवी लागत नाही. फार्मरकडे नव्हती, एमीकडे नव्हती. उलट एक सांगतो, पदवी मिळाल्यावर, प्रॅक्टिस सुरू झाल्यावर हे प्रश्न विचारणे अधिक अवघड होते. मी स्वतः त्याचा साक्षीदार आहे.

समोर बसलेल्या या आईवडिलांनी तुमच्या फीसाठी एकही खाडा पडू दिला नाही. उद्या असाच एखादा माणूस खाडा करून तुमच्यासमोर खुर्चीवर बसेल. त्याच्या पेपरवर ‘औषध सोडले’ असे लिहिण्यापूर्वी एकदा विचारा, ‘का सोडले?’ आणि उत्तर मिळाल्यावर पुढच्या रुग्णाला लगेच हाक मारू नका.