मेक्सिकन चुलीवरचे शब्द आणि सरहद्दीवरची बोली

एखाद्या लोकसमाजाचा इतिहास बखरींत आणि तहनाम्यांत जितका सांपडतो, तितकाच तो त्याच्या स्वयंपाकघरांतील शब्दांतहि सांपडतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेक्सिकन वंशाच्या लोकांचें उदाहरण या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. टेक्सास १८४५ सालीं संयुक्त संस्थानांत सामील झालें. १८४८ च्या ग्वादालूपे-इदाल्गो येथील तहानें कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा विस्तीर्ण मुलूखहि मेक्सिकोच्या हातून गेला. तेथील बहुतेक मेक्सिकन कुटुंबें आपल्या घरींच राहिलीं. सरहद्द मात्र त्यांना ओलांडून दक्षिणेस गेली. राज्य बदललें, पण चूल बदलली नाहीं, आणि चुलीबरोबर तिच्यावरचे शब्दहि टिकले.

या शब्दांचा सर्वांत खालचा थर ॲझ्टेक लोकांच्या नावात्ल भाषेचा आहे. १५२१ सालीं स्पॅनिश सैन्यानें त्यांची राजधानी जिंकली. परंतु तेथील फळें व भाज्या जेत्यांना अपरिचित होत्या, म्हणून त्यांचीं नांवें जितांकडूनच घ्यावीं लागलीं. ‘तोमात्ल’ वरून टोमॅटो आणि ‘आवाकात्ल’ वरून ॲव्होकॅडो हे शब्द झाले. ‘मोल्ली’ म्हणजे वाटून केलेलें कालवण. त्यावरून ‘आवाकामोल्ली’, आणि तिचेंच आजचें रूप ‘ग्वाकामोले’. मक्याचें पीठ पानांत गुंडाळून उकडलेला पदार्थ तो ‘तामाल’. त्याचें अनेकवचन ‘तामालेस’. इंग्रजी बोलणाऱ्यांनीं त्यांतील शेवटचा ‘स’ तेवढा काढला आणि ‘तामाले’ असें नवेंच एकवचन घडविलें!

यावर दुसरा थर स्पॅनिशचा. मक्याच्या पातळ भाकरीला ॲझ्टेक लोक ‘त्लाश्काल्ली’ म्हणत. स्पॅनिश लोकांनीं तिला ‘तोर्तीया’, म्हणजे लहानशी चपटी वडी, असें आपलें घरगुती नांव दिलें. त्यामुळें आज स्पेनमध्यें तोर्तीया मागितली तर अंड्याची पोळी पुढें येते आणि मेक्सिकोंत मक्याची भाकरी. ‘एंचिलादा’ या शब्दाचा गाभा नावात्ल ‘चिल्ली’ म्हणजे मिरची. मागचा-पुढचा प्रत्यय मात्र स्पॅनिश. अर्थ इतकाच कीं, ‘तिखटांत घोळलेली’. अनोळखी वस्तूला ओळखीचें नांव देण्याची ही रीत सर्वत्रच आढळते. मिऱ्याला स्पॅनिशमध्यें ‘पिमिएंता’ म्हणतात. तिच्यासारखीच झोंबणारी म्हणून मिरची ‘पिमिएंतो’ झाली. तीच मिरची पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, तेव्हां मराठी माणसानेंहि तिचें नांव मिऱ्यावरूनच ठेविलें. दोन भाषा, हजारों कोसांचें अंतर, पण विचार एकच!

नांवाचें मूळ विसरलें कीं दंतकथा जन्मास येते. ‘बुरीतो’ म्हणजे लहान गाढव. मेक्सिकोच्या १९१० नंतरच्या क्रांतिकाळांत एक विक्रेता गाढवावरून हा पदार्थ विकीत असे, म्हणून हें नांव पडलें, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. परंतु १८९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकन शब्दांच्या कोशांत हा शब्द ग्वानाह्वातो प्रांताचा म्हणून आधींच नोंदलेला आहे. मेक्सिको शहरांत त्याच वस्तूला ‘ताको’ म्हणत, असेंहि तो कोश सांगतो. उलट ‘नाचोस’ ची कथा खरी आहे. ‘नाचो’ हें इग्नासिओ या नांवाचें लाडकें रूप. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरील गांवीं इग्नासिओ आनाया यानें अवेळीं आलेल्या अमेरिकन स्त्रियांना तळलेल्या तोर्तीयांवर चीज व मिरची घालून दिली, आणि तो पदार्थ त्याच्याच नांवानें जगभर गेला.

परंतु पदार्थाला मिळालेला मान तो करणाऱ्या हातांना मिळालाच असें नाहीं. सॅन अँटोनिओच्या चौकांत मेक्सिकन स्त्रिया रात्रीं कंदिलाच्या उजेडांत मांस घातलेली ‘चिली’ विकीत. त्यांना लोक ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १९३० नंतरच्या दशकांत आरोग्यखात्याच्या नियमांनीं त्यांचा धंदा बसविला. पुढें १९७७ सालीं टेक्सासच्या विधिमंडळानें हीच चिली आपल्या राज्याचा पदार्थ म्हणून जाहीर केली. तिकडे १९५९ च्या एका मेक्सिकन कोशानें मात्र ती मेक्सिकोच्या नांवावर खपविलेली तिरस्करणीय वस्तु ठरविली!

बोलीची कथा अशीच दुहेरी आहे. दुपारच्या ‘लंच’ चा येथें ‘लोंचे’ झाला आणि ‘ट्रक’ चा ‘त्रोका’. उलट स्पॅनिश गुराख्याचा ‘वाकेरो’ इंग्रजींत ‘बकरू’ बनला. न्यू मेक्सिकोंत लाल आणि हिरवी अशी दोन्ही मिरचीचीं कालवणें हवीं असतील, तर गिऱ्हाईक ‘ख्रिसमस’ एवढेंच म्हणतें. अशी मिश्र बोली बोलणाऱ्यास मेक्सिकोंतील लोक ‘पोचो’ म्हणून हिणवीत. पोचो म्हणजे रंग उडालेलें, अति पिकून नासलेलें फळ. इकडे टेक्सासमध्यें १९१८ च्या कायद्यानें शाळांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेंतून शिकविणें गुन्हा ठरलें, आणि खेळाच्या मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दलहि मुलांना शिक्षा होत. कोणाला दंड होई, कोणाला पाटीवर तेंच तें वाक्य पुनःपुन्हा लिहावें लागे. तो निर्बंध उठण्यास सुमारें अर्धें शतक लागलें.

पदार्थाला पंगतींत मानाचें पान मिळालें. त्याचें नांव आईजवळ शिकलेल्या मुलाला मात्र वर्गांत गप्प बसावें लागलें. तरीहि ‘लोंचे’ मेला नाहीं आणि ‘तामाल’ हि मेला नाहीं. ज्या शब्दाला घरीं रोज वाढावें लागतें, त्याला शाळेची छडी किंवा कोशाचा निषेध सहसा मारूं शकत नाहीं.