घरादारासह एक रात्र रानात



आज मी तुम्हांला सहलीची गोष्ट सांगणार आहे. घरातली सगळी माणसे घ्यायची. एक तंबू घ्यायचा. एक रात्र उघड्या रानात राहायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचे. एवढीच सहल.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, रानात झोपायला आम्हांला काय शिकवता? राखणीला आम्ही झोपतोच की!" खरे आहे. पण राखणीला जातो तो गडी माणूस. तोही कामासाठी जातो. घरची बाई माहेरी जाते, लग्नाला जाते, जत्रेला जाते. नुसते चांदणे बघायला, निवांत बसायला तिला कोणी कधी नेले आहे का? मीही नेले नव्हते. आणि नेले तेव्हा केवढा घोटाळा केला, तो आधी ऐका.

तेव्हा माझी मुले लहान होती. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. वैशाखात शाळेला सुट्टी लागली. मी ठरवले, हरिश्चंद्रगडावर जायचे आणि तीन दिवस राहायचे. घरात कोणाला विचारले नाही. पीठ, तांदूळ, भांडी, अंथरुणे असे मोठे ओझे बांधले.

पायथ्याच्या वाटेवरच मुलीच्या पायाला फोड आले. ओझ्याने माझी पाठ धरली. दिवस बुडाला. तेवढ्यात एका कोरड्या ओढ्यात मऊ वाळू दिसली. जागा सपाट, वारा नाही. मी तिथेच तंबू ठोकला.

रात्री वर डोंगरात वळीव पडला. आमच्यावर एक थेंब नव्हता. मी घोरत होतो. मुलांची आई मात्र जागी होती. तिला पाण्याचा आवाज आला. तिने मला हलवले, मुलीला उचलले, मुलाचा हात धरला आणि ती काठावर चढली. मी मागून गेलो. मागे वळून बघतो तो तंबू, भांडी, पीठ सगळे पाण्यात! रात्रभर आम्ही एका कपारीत बसून होतो.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. उंबऱ्यात पाय ठेवला आणि एकच वाक्य बोलली, "पुन्हा मला कुठं न्यायचं नाव काढू नका."

बारा वर्षे मी नाव काढले नाही. पण माझ्या चुका मी मनाशी मोजल्या. त्याच तुम्हांला सांगतो.

पहिली चूक, मी लांबचा बेत केला. पहिली सहल जवळची असावी. जिथून मूल आजारी पडले तर तासा-दोन तासांत घरी येता येईल, अशी जागा निवडावी. रात्र एकच. चढण नको.

दुसरी चूक, हंगाम पाहिला नाही. पावसाळा नको आणि वळवाचे दिवसही नकोत. मार्गशीर्ष महिना चांगला. खरिपाची सुगी उरकलेली असते. आभाळ मोकळे असते. थंडी मात्र पडते, म्हणून माणशी दोन गोधड्या घ्याव्यात. थंडी वरून जेवढी लागते, तेवढीच खालून जमिनीतून लागते. म्हणून खाली भाताचा पेंढा झटकून पसरावा, वर ताडपत्री घालावी.

तिसरी चूक सर्वांत मोठी. मी ओढ्याच्या पात्रात झोपलो. पात्र कितीही कोरडे दिसो, तिथे मुक्काम करू नये. पाऊस दूर पडतो आणि पाणी आपल्याकडे येते. धरणाच्या खाली नदीच्या पात्रातही राहू नये. तिथे पाणी कधी सोडतील ते आपल्याला कळत नाही. उंचवट्यावरची सपाट जागा घ्यावी. वाळलेल्या फांद्या असलेल्या झाडाखाली तंबू नको. जागा कोणाची आहे ते विचारावे. अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी. आणि उजेड असतानाच तंबू ठोकावा.

चौथी चूक, ओझे. पहिल्या दिवशीचे जेवण घरून करून न्यावे. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त चहा करावा. पिण्याचे पाणी माणशी चार लिटर तरी न्यावे. बॅटरी, दोरी, काड्यापेटी आणि घरातली रोजची औषधे विसरू नयेत.

आता पाचवी चूक. ही मला सर्वांत उशिरा कळली. घरी चुलीपुढे बसणारी बाई रानात नेऊन पुन्हा चुलीपुढेच बसवली, तर तिची सहल कसली? म्हणून कामे आधी वाटून घ्यावीत. पाणी मुलांनी आणावे. चहा घरधन्याने करावा. भांडीही त्यानेच घासावीत. हसू नका, घासता येतात!

आता जिवाच्या चार गोष्टी नीट ऐका. मण्यार नावाचा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून तंबूची चेन पक्की लावावी. चेन नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी. जोडे झटकून घालावेत. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जावे.

आपल्या भागात बिबट्या आहे. लहान मूल तंबूबाहेर झोपवू नये. रात्री त्याला एकटे बाहेर सोडू नये. उष्टे-खरकटे तंबूजवळ टाकू नये.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊ नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. शेकोटी बाहेर करावी आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवावी.

आणि निघताना आपला सगळा कचरा उचलून आणावा. मागून येणाऱ्याला जागा स्वच्छ मिळाली पाहिजे.

आता पुढची हकिगत. माझी मुलगी सोळा वर्षांची झाली. ती म्हणाली, "बाबा, आईला एकदा भंडारदऱ्याला नेऊ या." मुलांच्या आईने ऐकले आणि म्हणाली, "आधी आपल्या खळ्यात एक रात्र तंबू ठोकून दाखवा. मग बघू." बघा, किती शहाणपणाचे बोलणे! आम्ही खळ्यात झोपलो. तेव्हा कळले की दोन मेखा कमी आहेत आणि बॅटरीचे सेल संपले आहेत. घरातच कळले म्हणून काही बिघडले नाही. तुम्हीही पहिली रात्र खळ्यात नाहीतर अंगणातच काढा.

मग मार्गशीर्षातल्या चांदण्या रात्री आम्ही भंडारदऱ्याला गेलो. प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ साली बांधून झाले. धरणाच्या मागे मोठा जलाशय आहे. एका बाजूला रतनगड दिसतो. दुसऱ्या बाजूला कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. तिथे गावकरी तंबू भाड्यानेही देतात. ज्याच्याकडे तंबू नाही, त्याची तिथे सोय होते.

पाण्यापासून दूर, उंचवट्यावर आम्ही तंबू ठोकला. धपाटे खाल्ले. भांडी मी घासली. मुलांची आई शेकोटीजवळ गुडघ्याला मिठी मारून बसली होती. पाण्यावर चांदणे पडले होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली. रात्री काही काम नसताना बसले, ते आजच."

मी काय बोलणार? लाज वाटली आणि बरेही वाटले.

सकाळी तिला चहा मी करून दिला. तो पातळ झाला होता. तिने नाव ठेवले नाही. सामान बांधताना तिनेच विचारले, "पुढच्या खेपेला कुठं जायचं?"

मंडळी, पहिली सहल चांगली झाली की नाही, हे याच प्रश्नावरून ओळखावे. फार दूर गेलो, फार पाहिले, याला महत्त्व नाही. घरची माणसे "पुन्हा जाऊ" म्हणाली पाहिजेत. तेव्हा आज घरी गेल्यावर आधी घरातल्या बाईला विचारा, कुठे जायचे आणि कधी जायचे. मग कागद-पेन्सिल घ्या. आता तुम्हांला लिहिता येते. काय काय न्यायचे त्याची यादी तुमच्याच हाताने करा.