बर्लिनच्या कचेरीतील फ्रँक फॉली
(मशिदीच्या वर्धापनदिनाच्या समारंभातील भाषण)



आज मशिदीचा वर्धापनदिन. अशा दिवशी आपल्या संस्थापकांविषयी बोलावे हा रिवाज आहे. पण त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा जाणकार लोक समोर बसले आहेत. म्हणून कमिटीच्या परवानगीने मी एका परक्या माणसाविषयी बोलणार आहे. तो ज्यू नव्हता. कट्टर कॅथोलिक होता, तरुणपणी पाद्री होण्यासाठी फ्रान्समध्ये शिकत होता. त्याचे नाव फ्रँक फॉली.

फॉली यांचा जन्म १८८४ साली इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या हायब्रिज या लहानशा गावी झाला. वडील रेल्वेत कामाला. पाद्री होण्याचा विचार सोडून ते जर्मनीत शिकायला गेले आणि १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तेथेच अडकले. तेथून निसटून ते मायदेशी आले, फौजेत भरती झाले, १९१८ साली फुप्फुसाला गोळी लागली. जर्मन भाषा उत्तम येत असल्यामुळे सरकारने त्यांना गुप्तहेर खात्यात घेतले आणि पुढे बर्लिनला पाठवले. बाहेर पाटी होती 'पासपोर्ट कंट्रोल ऑफिसर' अशी, आत काम हेरगिरीचे. बुटका बांधा, गोल चष्मा. पाहणाऱ्याला वाटावे, एखाद्या बँकेतले हेडक्लार्क असतील.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्या कचेरीपुढे ज्यू लोकांच्या रांगा लागू लागल्या. आता नियम काय होता तो नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्या नियमातच आहे. पॅलेस्टाइनवर त्या वेळी ब्रिटिशांचा अंमल. मजूर म्हणून जायचे तर परवाने मोजके. पण ज्याच्याकडे एक हजार पौंड भांडवल असेल त्याला त्या संख्येची अडचण नव्हती. एक हजार पौंड म्हणजे त्या काळी केवढी रक्कम! आणि ज्याच्याकडे होती त्यालाही जर्मन सरकार पैसा सहजासहजी देशाबाहेर नेऊ देत नव्हते. म्हणजे दार उघडे दिसे, पण आत जाता येत नसे.

फॉली यांनी काय केले? समोरच्या माणसाकडे पैसे नसले, तर कोणा नातेवाइकाचे किंवा मित्राचे पैसे देण्याचे वचनपत्र ते मान्य करीत. ते पैसे कधी येणार नाहीत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे आणि शिक्का मारणाऱ्यालाही. अशा कागदांवर माणसे हैफाला उतरली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छावण्यांत डांबले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. तेव्हापासून तिकडे कोणा सरकारच्या हुकुमाने आपली मशीद जळाली नाही, त्यामुळे त्या रात्रीची कल्पना आपल्याला करावी लागते. फॉली आणि त्यांच्या पत्नीने त्या दिवसांत ज्यूंना आपल्या घरात लपवले. देश सोडण्याचा परवाना दाखवला तर छावणीतून सुटका होत असे, म्हणून फॉली स्वतः झाक्सेनहाउझेनच्या छावणीत व्हिसा घेऊन गेले. त्यांना वकिलातीतल्या मोठ्या साहेबांसारखे राजनैतिक संरक्षण नव्हते. व्हिएन्नामध्ये त्याच हुद्द्यावर असलेले थॉमस केंड्रिक यांना गेस्टापोने ऑगस्ट १९३८ मध्ये पकडले आणि मग देशाबाहेर घालवले. ही बातमी कळूनही फॉली आणखी वर्षभर त्याच खुर्चीवर बसून राहिले.

काहीजण म्हणतील, ते ब्रिटिशांचेच नोकर ना? खरे आहे, आणि ते विसरता कामा नये. त्याच ब्रिटिश सरकारने मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पाच वर्षांत फक्त पंचाहत्तर हजार ज्यूंना पॅलेस्टाइनचे दार उघडे ठेवले, तेही युरोप पेटायच्या बेतात असताना. ज्या सरकारने दार ओढून घेतले, त्याच्याच पगारावरचा एक माणूस ते फटीएवढे उघडे धरून उभा होता. या दोन्ही गोष्टी मला एकत्रच सांगायला हव्या असे वाटते.

कागदाची किंमत आपल्या समाजालाही ठाऊक आहे. १९६२ ते १९६४ या काळात येथे आपल्या मुलामुलींच्या लग्नांसाठी पिढ्यांचे पुरावे मागितले गेले. जेरुसलेमला धरणे धरावे लागले, तेव्हा कनेसेटने आपल्या बाजूने ठराव केला. तो अपमान होता, जीवघेणा प्रसंग नव्हता. बर्लिनशी त्याची तुलना मी करीत नाही. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या हातात काय असते, हे आपल्यातल्या अनेकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. ऑगस्ट १९३९ मध्ये फॉली बर्लिनहून निघाले. १९४० साली नॉर्वेच्या लढाईत तेथल्या सेनापतींचा लंडनशी संपर्क त्यांनी राखला. १९४१ साली हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस विमानातून स्कॉटलंडला उतरला, तेव्हा त्याची चौकशी करणाऱ्यांत फॉली होते. निवृत्तीनंतर ते स्टाउरब्रिजला राहिले आणि १९५८ साली वारले. बर्लिनमध्ये त्यांनी काय केले याची त्या वेळी फार थोड्यांना माहिती होती.

१९६१ साली जेरुसलेमला आइखमनचा खटला चालला. बर्लिनचे जुने ज्यू पुढारी बेनो कोन यांनी साक्षीत फॉली यांचे नाव घेतले आणि त्यांच्या माणुसकीविषयी सांगितले. तरी याद वाशेमचा मान मिळायला १९९९ साल उजाडले. किती माणसे वाचली? दहा हजार असा आकडा सांगतात, तो अंदाज आहे. शिक्के मारताना त्यांनी मोजदाद ठेवली नव्हती. २०१८ साली प्रिन्स विल्यम यांच्या हस्ते स्टाउरब्रिजच्या बागेत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. घोडा नाही, तलवार नाही. बाकावर बसलेला एक साधा मनुष्य. इंग्लंडला कोणाची मुले-नातवंडे असतील तर त्यांना तिकडे जरूर पाठवा.

मागे भगिनींनी मलिदा मांडून ठेवला आहे आणि हजान साहेब माझ्याकडे पाहत आहेत, तेव्हा येथेच थांबतो. शालोम.