समाजकार्य कोणाच्या मर्जीचे?



४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या क्रीडागृहात अमेरिकेच्या ‘एनबीए’ या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा सामना झाला. प्रेक्षक होती सुमारे तीन हजार शाळकरी मुले. मुलांना खेळ मिळाला, संघटनेला उद्याचे ग्राहक मिळाले. यात पाप नाही. पण यातील सेवा कोणती आणि व्यापार कोणता, हे पारखून घेतले पाहिजे.

या संघटनेची पायाभरणी १९४६ साली क्रीडागृहांच्या मालकांनी केली, ती रिकाम्या राहणाऱ्या रात्रींचा धंदा व्हावा म्हणून. २०२४ साली झालेल्या प्रक्षेपण-करारांतून तिला अकरा वर्षांत सुमारे ७६ अब्ज डॉलर मिळावयाचे आहेत. समाजकार्यासाठी २००५ पासून तिचा स्वतंत्र विभागही आहे. परंतु न्यायाची जी कामे तेथे झाली, त्यांतील महत्त्वाची कामे या विभागातून निघालेली नाहीत.

१९६४ साली बॉस्टनला निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. निवृत्तिवेतनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला होता. खेळाडू मैदानात उतरेनात. संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, तेव्हाच सामना सुरू झाला. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाशी जखडलेला राही. ही बेडी सैल झाली ती ऑस्कर रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखल केलेल्या दाव्यामुळे. त्यात १९७६ साली तडजोड झाली.

ऑगस्ट २०२० मध्ये विस्कॉन्सिन राज्यात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय नागरिकावर गोळ्या झाडल्या. त्याच राज्यातील मिलवॉकी संघाने खेळण्यास नकार दिला. सामने तीन दिवस बंद राहिले. नंतरच्या समझोत्यात, जेथे शक्य तेथे क्रीडागृहे मतदानासाठी उपलब्ध करून देण्याचे मालकांना मान्य करावे लागले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वरळीत सामने चालू होते त्याच सुमारास ह्यूस्टन संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या निदर्शकांना पाठिंबा दर्शविला. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने सामने दाखविणे थांबविले आणि संघटनेची भाषा एकाएकी मवाळ झाली. लेब्रॉन जेम्स यांच्यासारख्या अग्रणी खेळाडूनेही मोरी यांनाच दोष दिला. बाजारपेठ हातची जाऊ लागली की तत्त्व अडचणीचे होते, आणि हा मोह केवळ मालकांनाच पडतो असे नाही.

म्हणून कोणत्याही उद्योगाने समाजकार्याचा फलक लावला, की आपण तीन गोष्टी विचाराव्यात. निर्णय कोणी घेतला? त्याची झळ कोणाला लागली? आणि उद्या मालकाची मर्जी फिरली तर ते काम टिकेल काय? बॉस्टनच्या खेळाडूंनी निवृत्तिवेतन देणगी म्हणून मागितले नव्हते. श्रमाचा मोबदला म्हणून मागितले होते. मुलांना चेंडू अवश्य मिळावेत. त्यासाठी कोणी टाळ्या मागितल्या तर त्याही द्याव्यात. परंतु टाळ्या वाजवून झाल्यावर हे तीन प्रश्न विचारण्यास विसरू नये.