प्रारणपट्ट्यांतील कण जातात कोठे?



संसाराची खरी ओळख जमेच्या पानावरून होत नाही, ती खर्चाच्या पानावरून होते. आज आम्ही आपणापुढे पृथ्वीच्या अशाच एका खर्चाच्या पानाचे वाचन करणार आहोत. पृथ्वीभोवती वेगवान विद्युत्कणांचे दोन प्रचंड पट्टे आहेत, हे आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. त्यांत कण कोठून येतात, याची चर्चा पुष्कळ होते. ते जातात कोठे, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक ज्याला आकाशात उपग्रह ठेवावयाचा आहे त्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम या पट्ट्यांचा शोध कसा लागला ते थोडक्यात सांगू. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ हा ३१ जानेवारी १९५८ रोजी उडाला. आयोवा विद्यापीठाचे जेम्स व्हॅन ॲलन यांनी त्यावर कण मोजणारी एक गायगर नळी बसविली होती. कमी उंचीवर ती नीट मोजणी करी. पण उपग्रह फार उंच गेला की ती मुकी होई. तेथे कण नव्हते असे नव्हे. ते इतके होते की नळीला मोजावयास उसंतच मिळेना! एकाच वेळी शंभर गिऱ्हाइके दुकानात शिरली म्हणजे दुकानदार गांगरून स्वस्थ बसतो, तसाच हा प्रकार. त्याच वर्षी मार्चमध्ये उडालेल्या एक्सप्लोरर-३ च्या नोंदींनी ही गोष्ट पक्की झाली.

आतला पट्टा साधारण एक हजार ते सहा हजार किलोमीटर उंचीवर आहे आणि त्यात अत्यंत वेगवान प्रोटॉन आहेत. बाहेरचा पट्टा सुमारे तेरा हजारांपासून साठ हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला असून तो मुख्यत्वे इलेक्ट्रॉनांचा आहे. दोहोंच्या मध्ये बरीचशी मोकळी अशी एक पट्टी आहे. ही मोकळी पट्टी लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

आता हे कण तेथे अडकून कसे राहतात? पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. विद्युत्कण चुंबकीय बलरेषेला सरळ ओलांडू शकत नाही. तो तिच्याभोवती मळसूत्रासारखा गिरक्या घेत पुढे सरकतो. ध्रुवाकडे जावे तसतसे चुंबकत्व तीव्र होते. तेथे कणाची पुढे जाण्याची गती कमी कमी होत शून्यावर येते आणि तो मागे फिरतो. झोपाळा वर जाऊन क्षणभर थबकतो आणि परततो, अगदी तसेच. उत्तरेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून उत्तरेकडे अशा त्याच्या येरझारा चालू असतात. शिवाय इलेक्ट्रॉन हळूहळू पूर्वेकडे आणि प्रोटॉन पश्चिमेकडे सरकत पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. बाहेरच्या पट्ट्यातील एखादा वेगवान इलेक्ट्रॉन घ्या. तो एका सेकंदात हजारो गिरक्या घेतो, उत्तर-दक्षिण एक येरझार सेकंदाच्या आत उरकतो आणि पृथ्वीभोवतीची प्रदक्षिणा सुमारे पाव तासात पुरी करतो. या तिन्ही गती अबाधित राहिल्या तर तो कायमचा बंदिवान. मग तो सुटतो कसा? या बंदिशाळेला तीन दारे आहेत.

पहिले दार खाली, आपल्या वातावरणात उघडते. कण जर बलरेषेशी फारच लहान कोन करून निघाला, तर मागे फिरण्यापूर्वीच तो शंभरेक किलोमीटर उंचीच्या दाट हवेत शिरतो, तेथील अणूंवर आदळतो आणि संपतो. विषुववृत्तावर पाहिले तर बाहेरच्या पट्ट्याच्या मध्यभागी हा धोक्याचा कोन अवघा चार-पाच अंशांचा असतो. याला आपण गळतीचा शंकू म्हणू. एकदा या शंकूतले कण गळून गेले की गळती थांबावयास हवी. पण ती थांबत नाही, कारण उरलेल्या कणांना त्या शंकूत ढकलणारे कोणीतरी आहे.

हे ढकलणारे म्हणजे लहरी. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांना तारांवर शिट्टीसारखे उतरत जाणारे सूर ऐकू आले. हे सूर आकाशातील विजेपासून निघतात आणि बलरेषेवरून दुसऱ्या गोलार्धापर्यंत प्रवास करतात, हे १९५३ साली स्टोरी यांनी दाखवून दिले. म्हणजे आपल्याकडे वळिवाच्या पावसात वीज कडाडते तशी ती कोठेही कडाडली, तर तिचा अंश हजारो किलोमीटर वर जाऊन तेथील इलेक्ट्रॉनांना धक्का देऊ शकतो. याशिवाय त्या प्रदेशात एक सतत फुत्कारणारी लहर असते. ऐकण्याच्या यंत्रात ती साप फुसफुसल्यासारखी वाटते. तिचा एकेक धक्का अगदी बारीक. पण असे असंख्य धक्के बसून कणाचा कोन बदलत जातो आणि काही दिवसांत तो गळतीच्या शंकूत सापडतो. मघाची मोकळी पट्टी मुख्यतः या फुत्काराने झाडून ठेवलेली आहे. ऑक्टोबर १९०३ च्या नव्हे, तर ऑक्टोबर २००३ च्या प्रचंड सौर वादळात ही पट्टीसुद्धा इलेक्ट्रॉनांनी भरून गेली होती; पुढे ती पुन्हा रिकामी झाली.

दुसरे दार वर, अवकाशात उघडते. सूर्याकडून सतत विद्युत्कणांचा वारा वाहतो. पृथ्वीचे चुंबकत्व त्याला सूर्याच्या बाजूस साधारण साठ हजार किलोमीटरांवर थोपवून धरते. वाऱ्याचा जोराचा झोत आला की ही सरहद्द पुष्कळच आत दबते. प्रदक्षिणा घालणारा इलेक्ट्रॉन पाव तासात त्या बाजूला येतो आणि पाहतो तो काय, काल जेथे घराचे अंगण होते तेथे आज परका मुलूख! तो बाहेर पडतो तो पुन्हा परतत नाही. बाहेरच्या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन काही तासांत एकाएकी नाहीसे होतात, याचे कोडे फार वर्षे होते. ते खाली हवेत पडले की वर निसटले? ६ जानेवारी २०११ रोजीच्या अशा एका प्रसंगी अनेक उपग्रहांच्या नोंदी एकत्र पडताळल्या गेल्या आणि बहुतेक कण वरच्या दाराने गेल्याचे दिसले. २०१२ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने व्हॅन ॲलन यांच्याच नावाची दोन याने पाठविली. त्यांना लगेच सप्टेंबरात दोन पट्ट्यांऐवजी तीन पट्टे दिसले! हा तिसरा पट्टा सुमारे चार आठवडे टिकला आणि सूर्याकडून आलेल्या एका आघाताने पुसला गेला.

तिसरे दार मोठे गमतीचे आहे. पट्ट्यांच्या शेजारी थोड्या कमी ऊर्जेचे धन विद्युत्कणही पृथ्वीभोवती फिरत असतात. पृथ्वीभोवती फार विरळ हायड्रोजनचे आवरण आहे. त्यातील एखाद्या अणूजवळून जाताना असा कण त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. त्याबरोबर त्याचा विद्युद्भार संपतो आणि चुंबकाची त्याच्यावरील सत्ताही संपते. दावे सुटलेल्या वासरासारखा तो सरळ धूम ठोकतो. या दाराची उघडझाप पाहावयास आपल्याला फार दूर जावयास नको. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आल्या तर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. चुंबकीय वादळात या फिरत्या कणांचा प्रवाह वाढला की तेथील आलेखाची रेषा खाली घसरते; पुढे काही दिवसांत ती हळूहळू वर येते. ते वर येणे म्हणजे कण निघून जाण्याचीच खूण होय.

आपण विचाराल, मग वादळ झाले की पट्टे भरतात की रिकामे होतात? शास्त्रज्ञांनी १९८९ ते २००० या काळातील २७६ वादळे तपासली. सुमारे निम्म्या वादळांनंतर बाहेरच्या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन वाढले, सुमारे एकपंचमांशांत घटले आणि उरलेल्यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे जमा आणि खर्च एकाच वेळी चालू असतात. हातात काय उरेल ते दोहोंच्या वजाबाकीवर ठरते.

आता हा हिशेब जिव्हाळ्याचा का, ते सांगू. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधील जॉन्स्टन बेटावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १४ लाख टन स्फोटकांच्या ताकदीचा अणुबाँब उडविला. त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांनी पृथ्वीभोवती एक कृत्रिम पट्टा तयार झाला. दुसऱ्याच दिवशी दूरदर्शनचे कार्यक्रम सागरापार पोहोचविणारा टेलस्टार उपग्रह उडाला आणि तो या पट्ट्यात सापडला. नोव्हेंबरात तो आजारी पडला आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये कायमचा बंद झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल यालाही या स्फोटाने घायाळ केले. स्फोट क्षणाचा; पण खोल आतल्या भागात अडकलेले इलेक्ट्रॉन पुरते जावयास काही वर्षे लागली. कारण तेथे हवा अत्यंत विरळ, लहरी दुबळ्या आणि वरचे दार फार दूर. बाहेरच्या भागात जो कचरा दिवसा-आठवड्यांत झाडला जातो, तोच आत वर्षानुवर्षे पडून राहतो. ऑगस्ट १९६३ च्या मॉस्को कराराने अवकाशातील अणुस्फोटांवर बंदी आली, ती याच अनुभवानंतर.

आज आपले हवामानाचे इन्सॅट उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर, बाहेरच्या पट्ट्याच्या कडेकडेच्या भागात आहेत. किनाऱ्यावरच्या कोळ्याला वादळाची सूचना मिळते ती त्यांच्या डोळ्यांनी. या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन यंत्राच्या आत शिरून साठतात आणि ठिणगी पाडतात. ते किती दिवस राहतील हे आधी कळले तर यंत्र सांभाळता येते. पाणबुड्यांशी बोलण्यासाठी जमिनीवरून सोडलेल्या रेडिओलहरी वर झिरपून काही इलेक्ट्रॉन खाली पाडतात, असे आढळले आहे. तेव्हा पट्टे झाडण्याचा केरसुणा कधीतरी माणसाच्या हाती येईलही. परंतु पट्टा भरावयास एक क्षण पुरतो आणि रिकामा करण्याचे काम आजही निसर्गाच्याच सवडीने होते. ज्याच्या खर्चावर आपला ताबा नाही, त्याच्या जमेच्या बाजूला हात घालताना दहा वेळा विचार करावा, एवढेच या पानाचे सांगणे आहे.