पहिला मासा आणि मे महिन्याचे पाणी

घरात पहिल्यांदा मासे आणायचे ठरले की डोळे आधी रंगाकडे जातात आणि पाण्याचा विचार मागाहून येतो. माझे म्हणणे एवढेच, की हा क्रम उलटा हवा. कुरखेड्यात मासा निवडायचा तो मे महिन्यातले पाणी डोळ्यांसमोर ठेवून. मत्स्यपालनाच्या हौशीवरची बरीचशी पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. तिथे टाकीतले पाणी गरम कसे ठेवायचे ही चिंता असते, आपल्याकडे ते तापू कसे द्यायचे नाही ही. शेजारचे ब्रह्मपुरी दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत दिसते आणि पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत बंद घरातले पाणीही ३३-३४ अंशांवर सहज जाऊ शकते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यात वादळवाऱ्याने वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, की अडचण दुहेरी होते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. काचेच्या टाकीत त्याला जायला वाट नाही. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू गाळणीत आणि खड्यांवर वस्ती करतात, पण ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात त्याचे मोठे कारण हे आहे. ‘मासेच रोगट दिले’ असे म्हणून लोक दुकानदाराला दोष देतात आणि त्याच पाण्यात पुन्हा नवे मासे सोडतात. पाणी जितके गरम आणि जितके अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश जास्त, म्हणून इथेही उन्हाळा आडवा येतोच.

या दोन कसोट्या लावल्या की गोल्डफिश पहिल्या फेरीतच बाद होतो. यावर कोणी म्हणेल, तो तर सर्वांत स्वस्त आणि चिवट, शिवाय मुलांना तोच हवा असतो. पण गोल्डफिश कार्प कुळातला, मूळचा थंड पाण्याचा. नीट वाढला तर वीतभर होतो, खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. गोल काचेच्या भांड्यात तो काही महिने तग धरतो यालाच आपण चिवटपणा म्हणतो, पण खरे तर तो लांबलेला मृत्यू असतो. फायटर माशाचे काय, असाही प्रश्न येईल. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो, त्यामुळे कमी प्राणवायूत तरतो हे खरे. पण हवा घेता आली म्हणून अमोनिया टळत नाही. लोणच्याच्या बरणीत ठेवायचा तो मासा नव्हे. एकटा, निदान वीस लिटर पाण्यात ठेवणार असाल तर अवश्य आणा.

माझी पहिली पसंती झेब्रा डॅनिओला. हा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांचा आणि भातशेतीतल्या पाण्याचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला जातो. हिवाळ्यातले थंड आणि उन्हाळ्यातले कोमट, दोन्ही पाणी त्याच्या मूळ मुलखात त्याला भेटतेच. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, पण तो थव्याने राहणारा, म्हणून सहा-आठ तरी एकत्र हवेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. त्यांना तेवढे पुरे. उंच, अरुंद टाकी शोभते, पण प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. वीज गेल्यावर रुंद टाकीच तारते. वर जाळीचे झाकण हवे, कारण हे मासे उडी मारतात, आणि काचेचे झाकण घातले तर बाष्प कोंडून पाणी थंड होत नाही. नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असेल तर ते दिवसभर पसरट भांड्यात उघडे ठेवून मगच टाकीत घाला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आपल्या जिल्ह्यात हिवतापाविरुद्ध आरोग्य खाते गप्पी मासे वाटते, मग विकत कशाला आणायचे? गप्पी ठेवायला माझी हरकत नाही. बोअरचे जड पाणी त्याला मानवते. पण ठेवा फक्त नर, कारण मादी साधारण महिन्याला पिले देते आणि नराशी एकदा झालेल्या संगावर पुढचेही काही वेत काढते. मग टाकी भरते आणि उरलेले मासे कोणीतरी दयेपोटी तलावात सोडते. माझा खरा विरोध तिथे आहे. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा. पाण्याचा हौद वेगळा आणि पावसाळ्यात सांडव्यावरून वाहणारा मामा (माजी मालगुजारी) तलाव वेगळा. तलावातले पाणी नाल्यात, तिथून सती नदीत आणि पुढे वैनगंगेत जाते. डासांच्या अळ्या आपल्याच तलावांतला दांडवण मासाही खातो. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा तर फूटभराहून मोठा होतो. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतो. इथल्या तलावांवर ढिवर कुटुंबांची चूल अवलंबून आहे. आपल्या बैठकीतल्या हौशीची किंमत त्यांनी का मोजावी?

मग सरळ तलावातलेच मासे का पाळू नयेत? विचार चांगला आहे आणि दांडवणाचा थवा टाकीत फार देखणा दिसतो. पण मासेमारीचा हक्क ज्या संस्थेचा किंवा ग्रामसभेचा असेल, तिला विचारल्याशिवाय एकही मासा उचलू नये. शिवाय नैसर्गिक पाण्यातून आलेल्या माशांच्या अंगावर परजीवी असू शकतात आणि कोरडे खाद्य ते लवकर स्वीकारत नाहीत. मरळीची पिले गोंडस दिसतात, पण मोठी झाली की टाकीतले बाकी मासे गिळतात. म्हणून हा मार्ग दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा.

टाकी भाद्रपदात मांडावी, चिमूटभर खाद्य रोज टाकून जिवाणू बसू द्यावेत आणि मासे दिवाळीनंतर आणावेत. नागपुराहून वडसामार्गे येणारी पिशवी थंडीत तापत नाही. शिवाय उन्हाळा लागेपर्यंत टाकीला चार-पाच महिने मिळतात. जादा झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावेत.