फुकट पीडीएफ आणि आमच्या लायब्ररीतल्या मॅडम

बसमध्ये इअरफोन लावून बसला असाल, नाहीतर जेवून शतपावली करत असाल. आजचा विषय आहे लायब्ररी. थांबा, लगेच स्किप करू नका.

मी बीटेक फर्स्ट इयरला होतो. पहिल्याच सेमिस्टरला गणितात केटी लागली. आळस होताच, खोटं कशाला बोलू. पण पुस्तकही नव्हतं. नवं घ्यायला पैसे नव्हते आणि बुक बँकेतल्या प्रती आधीच संपल्या होत्या. मग नेहमीचा उपाय, ग्रुपवर फिरणारी पीडीएफ. पानं तिरकी स्कॅन केलेली आणि इंटिग्रेशनची नेमकी दहा-बारा पानं गायब.

तिच्या प्रिंट काढायला लायब्ररीत गेलो. ग्रंथपाल मॅडमनी स्क्रीन बघितली. वाटलं, आता ओरडणार. त्या म्हणाल्या, "अरे, चोरीचंच घ्यायचं तर निदान पूर्ण तरी घ्यायचं! बस इथे."

त्यांनी ओपनस्टॅक्सची साइट उघडली. अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीचा प्रकल्प. कॅल्क्युलसचे तीन खंड, सगळी पानं जागेवर आणि एक रुपयाही नाही. मी विचारलं, "मॅडम, हेपण पायरेटेडच ना?"

तर इथे खरी गंमत आहे. फुकट आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत सांगतो. गिटहबवर एखादा कोड सगळ्यांना दिसतो. पण सोबत लायसन्स नसेल, तर तो उचलून आपल्या प्रॉडक्टमध्ये टाकता येत नाही. पुस्तकांचंही तसंच. युट्यूबवरचं लेक्चर फुकट बघता येतं, म्हणून ते कापून, भाषांतर करून वाटायचा हक्क मिळत नाही. मुक्त शैक्षणिक संसाधनांत तो हक्क लेखक स्वतःच लिहून देतो. 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ठरलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सची पहिली लायसन्स आली. त्या कॅल्क्युलसच्या पुस्तकाच्या अटी साध्या आहेत: श्रेय द्या, धंदा करू नका, बदल केलात तर तुमचंही याच अटींवर वाटा.

तुम्ही म्हणाल, मग गूगल आहे की, लायब्रेरियन कशाला? मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या सिलॅबसचं युनिट तीन त्या पुस्तकात एका ठिकाणी नव्हतं, दोन खंडांत विखुरलं होतं. मॅडमनी गणिताच्या सरांना सोबत घेऊन कुठल्या युनिटला कुठला चॅप्टर, असा तक्ता केला. कुठलं एनपीटेलचं लेक्चर कशासोबत बघायचं, तेही त्यात लिहिलं. हॉस्टेलला नेट रडायचं, म्हणून पीडीएफ लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या. पेन ड्राइव्ह घेऊन या आणि न्या. दारावर क्यूआर कोड चिकटवला. आमच्या युनिव्हर्सिटीचे जुने पेपर मात्र त्या पुस्तकात कुठून असणार? ते सोडवलेले सरांच्या वहीत होते.

मॅडम सरांना म्हणाल्या, "सर, तुमच्या नोट्सही मुक्त करा ना." सर बिचकले. "उद्या कुणी छापून विकल्या तर?" मॅडमनी भाषण दिलं नाही. लायसन्समधली व्यापारी वापराला मनाई करणारी अट दाखवली आणि नाव तुमचंच राहील, एवढं सांगितलं. सरांनी बराच विचार करून एकच चॅप्टर दिला. पण दिला. माझी केटी सुटली त्यात त्या चॅप्टरचा मोठा वाटा आहे.

मागच्या वर्षी कॉलेजला गेलो होतो. मॅडम रिटायर झाल्यात. त्यांची जागा भरलेली नाही. दारावरचा क्यूआर कोड अजून आहे, उन्हानं फिका पडलेला. स्कॅन केला तर पेज सापडत नाही. आत एक मुलगा मोबाईलवर तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ झूम करून वाचत होता. खरं सांगतो, पोटात तुटलं.

पुस्तकं कुठे गेली नव्हती. ती आजही तिथेच आहेत, फुकट आणि मुक्त. गेला होता तो रस्ता दाखवणारा माणूस. कोड लिहिणाऱ्याचं नाव होतं, मेंटेन करणाऱ्याचं होत नाही. आपल्या कंपन्यांत तरी वेगळं काय आहे? मी त्या मुलाशेजारी बसून त्याला तीन खंड उतरवून दिले. तुटलेला तक्ताही आता पुन्हा जोडतोय. सरांनी चॅप्टर परत पाठवलाय, यावेळी दोन.

एक काम सांगतो. १२ ऑगस्टला आपल्याकडे ग्रंथपाल दिन असतो. पण तोवर थांबू नका. उद्याच लायब्ररीत जा आणि विचारा, "माझ्या सिलॅबसला मुक्त पुस्तक कुठलं?" उत्तर मिळालं तर ग्रुपवर टाका. नाहीच मिळालं, तर त्यांच्यासोबत बसून शोधा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!